लुगडं पुरलं तिथवर

कोलशेत
२७ मे २०२६

रंगूबाई विहीणबाई,

आवडाबाईकडून तुम्हाला, तुमच्या मुलाला सहदेवरावांना आणि आमच्या नातजावयाला ऋतुराजला रामराम. फोनच करणार होते. पण मला फोनवर अर्धंच ऐकू येतं, आणि मी बोलायला लागले की घरातली सगळी कान टवकारून बसतात. म्हणून चिठ्ठी. चौथीनंतर शाळा सुटली ती मिठागरात गेले, तेव्हा अक्षराला हसू नका. कृतिकाचं ऑफिस इथंच आहे, तिच्या हातून पाठवत जाईन. पिन मारलीय. उघडलीस तर सुकट बंद, असं नातीला बजावलंय.

रविवारी धोंड्याचं जेवण झालं, तुम्ही डोंबिवलीहून सगळे आलात, बरं वाटलं. ऋतुराजने धोंडे दोनच खाल्ले. पुरण कमी गोड होतं की पोरगा लाजतो, ते तुम्हीच सांगा.

आमच्या आळीत या महिन्यात जावई पुष्कळ आले, पण नव्या गाडीतून आलेला हा एकच. म्हणून तर मी बोलले, गाडी रस्त्यावर नको, आत अंगणात गेटला लागून लाव, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. वरून माझं जुनं लुगडं पण टाकलेलं, ऊन लागू नये म्हणून. ते बघून तुम्ही हसलात. हसा. माझ्या लुगड्याने माणसं झाकलीत, गाडी काय मोठी.

गाडी बरी आहे ना? सहज विचारते. घोडबंदरच्या रस्त्याला नुसती धूळ आणि डंपर, कुठं काही लागलं-बिगलं नाय ना.

उत्तर कृतिकाजवळ द्या. घाई नाय. पण द्या.

आवडाबाई

•

डोंबिवली
२९ मे २०२६

आदरणीय आवडाबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र वाचून आनंद झाला. हल्ली कोण कुणाला पत्र लिहितं? तुमचं अक्षर चांगलं आहे. मी बालवाडीत इतकी वर्षं शिकवलं, मला विचारा. पुरण गोड होतं. ऋतुराज लाजतो.

गाडीची तुम्ही आठवणीने चौकशी केलीत, पण बातमी चांगली नाही. मंगळवारी सकाळी सहदेव ऑफिसला निघाला तेव्हा त्याला दिसलं. दारांच्या खाली आणि चाकांच्या वर जे काळं प्लास्टिक असतं, त्यावर सगळीकडे चंदेरी रंगाचे बारीक ठिपके. मागच्या चाकाच्या वर तर तळहाताएवढं प्लास्टिक पांढरं पडलेलं, कुणीतरी काहीतरी लावून घासल्यासारखं. पत्र्याला आणि काचेला मात्र काही नाही. सहदेवची ही आयुष्यातली पहिली गाडी. तो त्या दिवशी जेवला नाही.

आमच्या सोसायटीच्या कठड्यांना याच आठवड्यात चंदेरी रंग देत आहेत. आमचा वॉचमन मधु सगळ्यांच्या गाड्या धुतो. रंगकाम चालू असताना गाड्या हलवायला सांगणं त्याचं काम होतं. ते केलं नाही, आणि मग गुपचूप पुसायला जाऊन प्लास्टिक घालवलं, असं सगळ्यांचं मत पडलं. तो म्हणतो, मी हात लावला नाही. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे त्याला बोलावलं आहे.

तुम्ही काळजी करू नका. कृतिका मजेत आहे.

आपली,
रंगूबाई

•

कोलशेत
२ जून

रंगूबाई,

चिठ्ठी पोचली. वॉचमनला मीटिंगला कशाला बोलावता? तो काय चेअरमन आहे? रंग हा वाऱ्यावर येतो. कुठून पण येतो. तुमच्या डोंबिवलीत कुठल्या गच्चीवर काय चाललंय ते देवाला तरी माहीत असेल का? आणि रंगकाम चालू असताना गाडी तिथं लावली कोणी, लावणाऱ्याला डोळे नव्हते? तुम्हाला लागेल असं बोलत नाय, पण बोलते.

ठिपक्यांवर खोबरेल तेल लावा. काळं दिसतं.

मधुला पोरं किती? बायको काय करते? वॉचमन लोकांचं काय, इथलं काम गेलं तर दुसरीकडे लागतं. आमच्या इथं कोलशेतला एवढे टॉवर झालेत, प्रत्येकाच्या दारात चार-चार उभे असतात. तसं काही असेल तर कळवा, हर्षितला सांगून कुठं लावून देईन. हर्षित माझा नातू, धोंड्याच्या जेवणाला वाढत होता तो.

मीटिंग झाली असेल आता. काय झालं ते लिहा. गोड करून लिहू नका, मला गोड चालत नाय.

आवडाबाई

•

डोंबिवली
४ जून

आदरणीय आवडाबाई,

मीटिंग झाली. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे बसले होते, मधु गेटकडच्या खांबाजवळ उभा होता. आधी तो नाही म्हणत होता. रंगारी ब्रशने रंग देत होते, ब्रशचा रंग उडून गाडीवर जाईल कसा, असं त्याने एकदा विचारलं. त्यावर चेअरमन म्हणाले, तोंड वर करून बोलू नकोस. मग एकेकजण बोलत गेला. कुणाच्या गाडीचा आरसा, कुणाचा जुना ओरखडा, सगळं त्याच्यावर निघालं. शेवटी तो म्हणाला, चूक झाली, माफ करा. तेव्हा कुठे सगळे उठले. गेटवर राहील, पण गाड्या धुण्याचं काम काढून घेतलं आहे.

माफी मागितली, म्हणजे चूक त्याचीच असणार. नाहीतर माणूस कशाला मागेल? असं सहदेव म्हणतो.

त्याची बायको रसिका आमच्याकडे पोळ्या करते. दोन मुलं आहेत, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोमवारी ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. पोळ्या रोजच्यासारख्याच मऊ झाल्या. ओटा पुसला आणि गेली. एरवी तिचं तोंड बंद नसतं.

तुमची कृतिका सासऱ्यांना म्हणाली, बाबा, कुणी बघितलं नसताना कसं काय ठरवलंत? सहदेवला ते आवडलं नाही. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. माहेरचं वळण आहे, म्हणा, स्पष्ट बोलायचं.

खोबरेलाचा तुमचा उपाय कळला.

आपली,
रंगूबाई

•

कोलशेत
१२ जून

रंगूबाई,

कृतिका दोनदा आली चिठ्ठी न्यायला, दोनदा तिला रिकामी पाठवली. आज बसलेय. शेवटचं आधी लिहिते, म्हणजे मागे फिरता येणार नाय. तुमच्या गाडीवरचा रंग आमच्या गेटचा आहे. मधुचा त्यात काडीचा संबंध नाय.

झालं असं. रंगारी गेट अर्धवट टाकून गावाला पळालेला. एक पल्ला चंदेरी, एक गंजलेला. संध्याकाळी आळीतल्या बाया जावयाला बघायला येणार, आणि त्यांच्यासमोर असलं गेट? जेवून तुम्ही सगळे आतल्या खोलीत आडवे झालात तेव्हा मी हर्षितला स्प्रेचे डबे आणायला पिटाळलं. तो बोलला, आजी, आधी गाडी हलवूया, ऋतुराजकडून चावी घेतो. मी बोलले, झोपलेल्या जावयाला चावीसाठी उठवतोस, लाज नाय वाटत? आणि गाडीवर लुगडं होतंच, तेच ओढून खाली घेतलं. टप झाकला, काचा झाकल्या, दरवाजे झाकले. नऊ वार लुगडं मला पुरून उरतं. गाडीला नाय पुरलं. खालचं काळं प्लास्टिक उघडं राहिलं, ते मला दिसत होतं. मी बोलले, फवार तू, खाली कोण बघतो.

लुगडं काढलं तर खाली सगळीकडे ठिपके, राईपेक्षा बारीक. हर्षित बोलला, सांगूया. मी त्याला आत हाकललं आणि खोबरेलाची बाटली आणली. तेल फासलं तसे ठिपके दिसेनात, प्लास्टिक नव्याहून काळं. निघताना सहदेवराव बोलले, आजी, गाडी पुसून ठेवलीत वाटतं. आणि मी हसले. हे लिहिताना पण मान खाली जाते. माणूस मला पाया पडून गेला.

मनाला सांगत होते, कृतिकाला सासरी टोमणे नकोत म्हणून गप्प बसले. खोटं आहे. कृतिकाला कोणी टोमणा मारला तर ती दोन परत देईल, तिला मी वाढवलीय. नाक माझं होतं.

तुमची मागची चिठ्ठी मी जवळा निवडताना वाचली. तिकडं काही न केलेला माणूस खांबाजवळ उभा राहून माफी मागतो, आणि मी इथं बसून जवळ्यातला कचरा काढतेय. वर त्याला काम लावून देईन बोलले. केवढी मेहेरबानी.

ही चिठ्ठी सहदेवरावांना वाचून दाखवा. हर्षितचं नाव मोठ्याने घेऊ नका. डबा त्याच्या हातात होता, हुकूम माझा होता.

आवडाबाई

•

डोंबिवली
१५ जून

आवडाबाई,

तुमचं पत्र मी अजून कुणालाही दाखवलेलं नाही. त्याआधी मला काही लिहायचं आहे आणि दोन कागद फाडून झाले.

मला त्या रविवारीच कळलं होतं. निघताना गाडीचं दार उघडलं तेव्हा खोबरेलाचा वास आला, आणि तुमच्या गेटचा एक पल्ला सकाळी गंजलेला होता तो संध्याकाळी चमकत होता. मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, झाकू दे बाईला.

सोमवारी सहदेव रजेवर होता, दुपारी मी खाली गेले. तेलावर धूळ बसून ठिपके वर आले होते. सहदेवला दिसण्याआधी काढावेत, म्हणजे कृतिकाच्या माहेरचा मान राहील, असं वाटलं. मोठेपणा वाटला त्यात मला, तेही लिहिते. कृतिकाच्या टेबलावरचं नेलपेंट काढायचं पाणी तिला न विचारता घेतलं आणि मागच्या चाकाच्या वर घासलं. ठिपके गेले, आणि प्लास्टिकही पांढरं फटक पडलं. तो तळहाताएवढा डाग माझा आहे. बाटली पदराखाली घेऊन मी वर आले.

मंगळवारी सहदेवने खालून मधुवर आवाज चढवला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी टॉवेलला चिमटा लावला आणि आत गेले. नंतर तुम्हाला मधुबद्दल इतकं नीटनेटकं लिहिलं. मीटिंगला पहिल्या रांगेत बसले. ज्या बाईने बालवाडीत पोरांना आपलं सांडलेलं आपण पुसायला शिकवलं, तीच.

आता असं सुचतं. रविवारी तुम्ही या, आपण दोघी गाडी जमेल तेवढी साफ करू. रसिकाला मी स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सगळं सांगते, एक चांगली साडी देते. म्हणजे फार बोभाटा न होता मिटेल.

रंगूबाई

•

कोलशेत
१७ जून

रंगूबाई,

तुम्हाला सगळं ठाऊक, आणि तुम्ही मला मधुच्या मीटिंगा लिहून पाठवत होतात. वाचून पहिली तोंडात शिवी आली. मग आठवलं मी कोण ते. गिळली.

रविवारी येते. पण स्वयंपाकघरात सांगायचं नाय. आणि साडी तर अजिबात नको, माफीवर साडी गुंडाळून दिली की घेणाऱ्याला तोंड उघडता येत नाय. तो जिथं उभा होता तिथं मी उभी राहणार. खुर्च्या मांडायला सांगा, मागच्या वेळी जेवढी माणसं होती तेवढी बोलवा. मी सोसायटीची नाय म्हणून चेअरमन नाय बोलले, तर मी रस्त्यावरून बोलेन. तुम्हाला उभं राहायचं की बसायचं ते तुमचं तुम्ही बघा.

सहदेवरावांना आधी सांगा. सगळ्यांसोबत कळायला नको.

आवडाबाई

•

कोलशेत
२३ जून

रंगूबाई,

घरी नीट पोचले. हर्षित सोबत होता.

गाडीचं जे झालं ते झालं. तेल कोमट करून ठिपक्यांवर भिजू दिलं आणि दातांच्या मऊ ब्रशने हळू घासलं तर रंग सुटून फडक्यावर आला. आधी आतल्या बाजूला, दिसत नाय तिथं लावून बघितलं, ते हर्षितच्या मोबाईलने सांगितलेलं. तेच खोबरेल. त्या दिवशी मी ते झाकायला फासलं, बसून घासलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं निघालं असतं आणि मी कोणाला काही सांगायची पण गरज नव्हती. दोघी पाटावर बसून घासत होतो आणि वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. तुम्ही पदर डोक्यावरून पुढं ओढलात. मी नाय ओढला, पण घाम मला पण आलेला.

पांढरा डाग तसाच राहिला. सहदेवराव तो तुकडा बदलणार की नाय ते त्यांचं ते बघतील. ते माझ्याशी बोलले नाय, बरं केलं. कृतिकाने चहा दिला आणि कपाकडे बघत दिला. माझी नात आहे, मला तिचं गप्प बसणं कळतं.

मीटिंगला मी तेच लुगडं नेसून आलेले, तुम्ही बघितलंच. त्याच्यावर उडालेले ठिपके धुवून जात नाय. गादीखाली लपवून ठेवलेलं, हर्षितच्या आईला पण माहीत नव्हतं. बोलताना मी पदर पसरून दाखवला. चेअरमन सारखे हात करत होते, आजी झालं, आजी बसा. मी पुरतं बोलले. मग तुम्ही उभ्या राहिलात. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाय, पण सहदेवरावांची मान खाली गेली ते दिसलं.

आता विचारायचं ते. तुम्ही बोलून झाल्यावर सगळे मधुकडे वळले. तो खांबाजवळच होता. त्याचे ओठ हलले, काहीतरी थोडंच बोलला. लगेच कोणीतरी मागून खुर्ची सरकवली आणि मी बसले. हर्षितला विचारलं, तो बोलतो, काही नाय आजी. मला वाटलं मधु बोलला असेल, जाऊ दे, माफ केलं. तसं असलं तर तसं लिहा. नसलं तर नसलं ते लिहा. मी मागेच बोललेय, मला गोड चालत नाय.

आवडाबाई

•

डोंबिवली
२५ जून

आवडाबाई,

मधुने माफ केलं असं तो म्हणाला नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.

मी बोलून झाल्यावर चेअरमन त्याला म्हणाले, झालं ना आता तुझं समाधान? तो तुमच्याकडे बघून म्हणाला, आजींना कुणीतरी खुर्ची द्या. एवढंच. ती खुर्ची त्याने मागितली होती.

गाड्या धुण्याचं काम त्याला परत दिलं आहे. सगळ्यांच्या धुतो. आमच्या गाडीपाशी थांबत नाही, सरळ पुढच्या गाडीकडे जातो. सहदेव सकाळी स्वतः बादली घेऊन खाली उतरतो. काल म्हणाला, तो तुकडा बदलायचा नाही. का ते मी विचारलं नाही.

रसिका येते. पोळ्या मऊ असतात.

रंगूबाई

•

कोलशेत
२६ जून

रंगूबाई,

चिठ्ठी आत्ताच वाचली, कृतिका थांबलीय म्हणून दोनच ओळी. त्याने शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी आले असते, आमच्यात शिव्या पचतात. खुर्चीचं काय करू ते मला कळत नाय. आणि मी बसले पण.

आवडाबाई